आकडा कोणाच्या ताटाचा?

ढाणकी हे यवतमाळ जिल्ह्याच्या उमरखेड तालुक्यातले बाजाराचे गाव. एका अंगाला बंदी भागातली जंगलपट्टीची गावे, दुसऱ्या अंगाला पैनगंगा, आणि नदी ओलांडली की नांदेड जिल्हा. कापूस, सोयाबीन, तूर, हरभरा ही इथली पिके; जिथे पाण्याची सोय झाली तिथे ऊस आणि हळद. शिजवून, वाळवून, पॉलिश केलेले हळकुंड इथून हिंगोली, वसमत, नांदेडच्या बाजाराकडे जाते. तिथे बोली लागते, काटा होतो, पट्टी हातात पडते आणि शेतकऱ्याचा त्या मालाशी संबंध संपतो. पुढे तशीच हळद शहरांतल्या किराणा दुकानांत पोचते, काही युरोपाच्या किंवा आखाताच्या जहाजावर चढते, आणि काही दळून, पुड्यांत भरून आपल्याच बाजारात परत येते.

आता या हळदीला लागू होणारा कायदा पाहा. भारताच्या नियमांत हळदीतल्या शिशाची कमाल मर्यादा किलोमागे १० मिलिग्रॅम आहे. युरोपीय संघाने २०२१ मध्ये मुळे आणि कंद या गटातल्या मसाल्यांसाठी ती १.५ मिलिग्रॅम ठरवली. बांगलादेशाची मर्यादा २.५ आहे. म्हणजे किलोमागे ६ मिलिग्रॅम शिसे असलेली हळद आपल्याकडे कायदेशीर ठरते आणि युरोपच्या बंदरावर अडवली जाते. हळद एकच, खाणारी माणसे दोन्हीकडे सारखीच हाडामांसाची. मग आकडे वेगळे का?

या प्रश्नाची दोन उत्तरे नेहमी ऐकू येतात. पहिले असे, की पाश्चात्त्य देश आपल्या माणसांना जपतात आणि आपल्याकडे कोणाला पर्वा नाही. दुसरे असे, की कडक मर्यादा हा श्रीमंत देशांचा आपला माल अडवण्याचा डाव आहे. दोन्हींत थोडे तथ्य आहे, पण दोन्ही उत्तरे आकड्याच्या आत शिरून पाहत नाहीत. अन्नात नको असताना शिरणारे पदार्थ, म्हणजे बुरशीचे विष, शिसे, पाण्यातले फ्लोराइड आणि नायट्रेट, फवारणीचे उरलेले अंश, यांच्या वेगवेगळ्या देशांतल्या मर्यादा शेजारी शेजारी ठेवून त्या कशा वाचायच्या, हे सांगण्यासाठी ही पुस्तिका आहे. तिच्यातल्या प्रत्येक तक्त्यामागे एकच विचार आहे: मर्यादा ठरवताना जो माणूस ती वस्तू सर्वांत जास्त खातो किंवा पितो, त्याचे ताट समोर असायला हवे.

मर्यादा ठरते तेव्हा तीन प्रश्न विचारले जातात. पहिला विषशास्त्राचा: किती मात्रेने शरीराला अपाय होतो? दुसरा आहाराचा: लोक तो पदार्थ रोज किती खातात? तिसरा शक्यतेचा: शेती, साठवण आणि प्रक्रिया नीट केली तर तो अंश किती खाली आणता येतो? जागतिक अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांची संयुक्त तज्ज्ञ समिती १९५६ पासून पहिल्या दोन प्रश्नांवर काम करते. १९६३ मध्ये सुरू झालेला कोडेक्स आयोग तिच्या अहवालांच्या आधारे आंतरराष्ट्रीय मर्यादा सुचवतो. कोडेक्सचे आकडे कोणत्याही देशावर सक्तीचे नाहीत. मात्र १९९५ मध्ये जागतिक व्यापार संघटनेचा करार लागू झाल्यापासून, कोडेक्सपेक्षा कडक मर्यादा लावणाऱ्या देशाला तिचा शास्त्रीय आधार दाखवावा लागतो. आपल्याकडे १९५४ चा अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा होता. त्याची जागा २००६ च्या अन्नसुरक्षा आणि मानके कायद्याने घेतली आणि दूषित घटकांचे आजचे नियम २०११ पासून लागू झाले. त्यांत वेळोवेळी दुरुस्त्या होत आल्या आहेत.

हे तीन प्रश्न हळदीतल्या शिशाला लावून पाहू. पहिल्याचे उत्तर स्वच्छ आहे. पूर्वी तज्ज्ञ समितीने शिशासाठी आठवड्याची एक सहनीय मात्रा सांगितली होती. २०१० मध्ये ती मागे घेतली, कारण जिच्याखाली धोका नाही अशी मात्राच सांगता येत नाही, असा निष्कर्ष निघाला. लहान मुलांच्या मेंदूची वाढ शिशाने खुंटते, आणि ते नुकसान पुढे भरून निघत नाही.

दुसऱ्या प्रश्नासाठी साधा हिशेब करू. माणशी रोज २ ग्रॅम हळद धरली, तर १० मिलिग्रॅमच्या मर्यादेवरच्या हळदीतून रोज २० मायक्रोग्रॅम शिसे पोटात जाते, १.५ च्या मर्यादेवरच्या हळदीतून ३ मायक्रोग्रॅम. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने दिवसभराच्या सगळ्या आहारातून मिळणाऱ्या शिशासाठी संदर्भ म्हणून धरलेली पातळी लहान मुलांसाठी २.२ आणि मूल होण्याच्या वयातल्या स्त्रियांसाठी ८.८ मायक्रोग्रॅम आहे. युरोपातल्या बहुतेक घरांत हळद कधीमधी वापरायची वस्तू आहे. आपल्याकडे वरण, भाजी, कढी, खिचडी, पोहे, आजाऱ्याचे दूध, सगळ्यांत ती रोज पडते. जो रोज खातो त्याला दहाची मुभा आणि जो क्वचित खातो त्याला दीडचे संरक्षण, ही मांडणी आहाराच्या प्रश्नाला धरून नाही.

उरला शक्यतेचा प्रश्न. भारत, पाकिस्तान, नेपाळ आणि श्रीलंका या देशांतल्या २३ शहरांतून २०२०-२१ मध्ये गोळा केलेल्या हळदीच्या ३५६ नमुन्यांची तपासणी संशोधकांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केली. १४ टक्के नमुन्यांत शिसे किलोमागे २ मिलिग्रॅमहून जास्त निघाले. पाटण्यासारख्या शहरांत तर ते शेकडोंच्या पटीत होते. याच अभ्यासाची दुसरी बाजूही तेवढीच महत्त्वाची: ८६ टक्के नमुने दोनच्या आत होते. म्हणजे शेतात आणि खळ्यावर हळद बहुतांशी निर्मळच असते. शिसे शिरते ते मुख्यतः पॉलिशच्या वेळी, फिकट हळकुंडाला पिवळाधमक रंग यावा म्हणून टाकलेल्या लेड क्रोमेट या रंगातून. अवकाळी पावसात भिजलेली हळद काळपट पडते, काळपट हळदीला भाव मिळत नाही, आणि तिथे हा रंग लावण्याचा मोह होतो. आपल्या नियमांनुसार हळदीत लेड क्रोमेट मुळीच चालत नाही. ते रोखणे अशक्यही नाही. बांगलादेशात २०१९ मध्ये संशोधकांनी हा प्रकार उघड केला, सरकारने बाजारांत आणि गिरण्यांवर कारवाई केली, लोकांना जागे केले. त्या वर्षी तपासलेल्या ४७ टक्के नमुन्यांत सापडलेली ही भेसळ २०२१ च्या नमुन्यांत शून्यावर आली.

बुरशीच्या विषाची गोष्ट जरा वेगळी आहे, कारण ते कोणी टाकत नाही, ते आपोआप वाढते. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये लाखाहून अधिक टर्की कोंबड्या अचानक मेल्या. शोध घेतला तेव्हा ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीत ॲस्परजिलस नावाची बुरशी आणि तिने तयार केलेले अफ्लाटॉक्सिन हे विष सापडले. भारतात त्याची सर्वांत मोठी किंमत आदिवासींनी मोजली. १९७४ मध्ये राजस्थानच्या बांसवाडा आणि गुजरातच्या पंचमहाल जिल्ह्यांतल्या गावांत अवेळी पावसाने भिजलेला मका खाऊन यकृताचा आजार पसरला. नोंदलेल्या ३९७ रुग्णांपैकी शंभराहून अधिक दगावले. त्यांच्याकडे खायला दुसरे धान्य नव्हते. एकाच धान्यावर जगणाऱ्या माणसाला सरासरी आहारावर काढलेला आकडा पुरेसे संरक्षण देत नाही, हे या घटनेने दाखवले.

भुईमुगातल्या एकूण अफ्लाटॉक्सिनची मर्यादा अमेरिकेत किलोमागे २० मायक्रोग्रॅम आहे. भारतात प्रक्रियेसाठी जाणाऱ्या मालाला १५ आणि थेट खाण्याच्या मालाला १०. युरोपात प्रक्रियेच्या मालाला १५, थेट खाण्याच्या मालाला ४. या फरकामागे आरोग्याचा एक हिशेब आहे, तो क्वचितच बोलला जातो. संयुक्त तज्ज्ञ समितीच्या १९९७ च्या मूल्यमापनानुसार, ज्याच्या शरीरात हिपॅटायटिस बी विषाणू ठाण मांडून आहे, त्याला तेवढ्याच अफ्लाटॉक्सिनमुळे यकृताचा कर्करोग होण्याचा धोका इतरांच्या सुमारे तीस पट असतो. विषाणू जिथे जास्त पसरलेला आहे तिथे तोच आकडा अधिक माणसे मारतो.

कापसाच्या या जिल्ह्यात अफ्लाटॉक्सिन आणखी एका वाटेने घरात येते. सरकीची ढेप दमट जागी पडली की तिला बुरशी लागते. गाई-म्हशीने ती खाल्ली की विषाचा थोडा अंश रूप बदलून दुधात उतरतो. दुधातल्या या अंशाची मर्यादा भारत, अमेरिका आणि कोडेक्स या तिघांची किलोमागे ०.५ मायक्रोग्रॅम आहे. युरोपाची त्याच्या एक दशांश, ०.०५. भारतीय अन्नसुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने २०१८ मध्ये देशभर दुधाचे ६,४३२ नमुने तपासले, तेव्हा ३६८ नमुने, म्हणजे ५.७ टक्के, आपल्याच मर्यादेबाहेर निघाले. पाण्याची भेसळ ओळखण्यात आपण तरबेज आहोत. ढेपेतून येणारे हे विष ना चवीला कळते ना वासाला, आणि दूध उकळल्याने ते जातही नाही. दुधाचा प्रश्न इथे गोठ्यापासून, ढेपेच्या पोत्यापासून सुरू होतो.

वेगवेगळ्या देशांचे आकडे शेजारी ठेवताना काही ठिकाणी पाय घसरतो. ती ठिकाणे इथेच सांगितलेली बरी.

पहिले ठिकाण एककांचे. पिण्याच्या पाण्यातल्या नायट्रेटची मर्यादा भारतात लिटरला ४५ मिलिग्रॅम, जागतिक आरोग्य संघटनेची ५०, आणि अमेरिकेची १०. वरवर पाहता अमेरिका साडेचार पट कडक वाटते. प्रत्यक्षात अमेरिका फक्त त्यातल्या नायट्रोजनचे वजन मोजते. ते नायट्रेटमध्ये बदलले की आकडा ४४ च्या आसपास येतो. तिन्ही मर्यादा जवळजवळ सारख्याच आहेत.

दुसरे ठिकाण व्याख्येचे. एप्रिल २०२४ मध्ये हाँगकाँगने भारतातल्या दोन नामांकित मसाला कंपन्यांची काही उत्पादने इथिलीन ऑक्साइड सापडल्याने विक्रीतून काढायला सांगितली. सिंगापूरनेही एक उत्पादन परत मागवायला लावले. मसाल्यातले साल्मोनेलासारखे जंतू मारायला हा वायू वापरतात, आणि माणसात कर्करोग घडवणारा पदार्थ म्हणून तो सिद्ध आहे. युरोपात मसाल्यांसाठी त्याची मर्यादा किलोमागे ०.१ मिलिग्रॅम आहे आणि त्यात वायू आणि त्यापासून बनणारा क्लोरोइथेनॉल हे दोन्ही एकत्र मोजले जातात. अमेरिकेत वायूला ७ आणि त्यापासून बनणाऱ्या पदार्थाला वेगळे ९४० मिलिग्रॅम चालतात. अमेरिकेने जंतूंचा धोका मोठा मानला, युरोपाने वायूचा. युरोपात मसाल्यासाठी वाफेचा मार्ग रूढ आहे. दोन्हीकडचे लोक शास्त्रच पुढे करतात आणि दोघेही आपापल्या परीने खरे असतात. मसाला वाफेने निर्जंतुक करता येत असेल तर वायूची गरज उरत नाही, हे मात्र दोघांनाही नाकारता येणार नाही.

तिसरे ठिकाण, न ठरलेल्या मर्यादेचे. ज्या कीटकनाशकाची वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्याला युरोपाप्रमाणे भारतातही किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम ही सर्वसाधारण मर्यादा लागते. २०२४ मध्ये आपल्याकडे मसाल्यांपुरती आणि भारतात नोंदणी नसलेल्या कीटकनाशकांपुरती ती ०.१ करण्यात आली. तक्त्यात रिकामी जागा दिसली म्हणजे तिथे काहीही चालते, असे समजू नये.

आता एक असे उदाहरण, जिथे अमेरिका आपल्यापेक्षा सैल आहे. आपल्याच जिल्ह्यातल्या पांढरकवडा आणि झरी-जामणी भागात विंधन विहिरींच्या पाण्यात फ्लोराइड आहे. मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे पडतात, वय वाढले की हाडे आणि सांधे आखडतात. भारतीय मानकात फ्लोराइडची इष्ट मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५. जागतिक आरोग्य संघटनाही १.५ सांगते. अमेरिकेची सक्तीची मर्यादा १९८६ पासून ४ आहे. याचा अर्थ अमेरिकेने आपल्या लोकांना वाऱ्यावर सोडले असा नाही, आणि आपण दीडवर निश्चिंत राहावे असाही नाही. जागतिक हिशेबात मोठा माणूस दिवसाला २ लिटर पाणी पितो असे साधारणपणे धरतात. वैशाखात यवतमाळच्या उन्हात राबणारा मजूर पाच लिटर पितो. दीडच्या पाण्यातून पहिल्याला ३ मिलिग्रॅम फ्लोराइड जाते, दुसऱ्याला साडेसात. शिवाय त्याच पाण्यात डाळ शिजते, कणीक मळली जाते. म्हणूनच आरोग्य संघटना आपल्या मर्यादेसोबत सांगते, की स्थानिक हवामान आणि पाण्याचे प्रमाण पाहून देशाने आपला आकडा ठरवावा. आकडा बाहेरून आणता येतो, हवामान आणता येत नाही.

आकडा कितीही चांगला असला तरी तो मोजणारे कोणी नसेल तर कागदावरच राहतो. महाराष्ट्राने हे द्राक्षात अनुभवले. निर्यातीच्या द्राक्षासाठी अपेडा या शेतमाल निर्यातीच्या केंद्रीय प्राधिकरणाने बाग, औषध, तपासणी आणि पेटी यांची सलग नोंद ठेवणारी ग्रेपनेट ही व्यवस्था उभारली होती. तरीही २०१० मध्ये वेलीची वाढ रोखायला वापरल्या जाणाऱ्या क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश युरोपात सापडले आणि कंटेनर अडकले. युरोपाची ०.०५ ची मर्यादा आधीपासून होती, पण आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत ते रसायनच नव्हते. नुकसान बागायतदारांचे झाले. पुढे यादी दुरुस्त झाली आणि निर्यात सावरली. नाशिकच्या द्राक्षाला जी शिस्त लागली ती युरोपातल्या गिऱ्हाईकासाठी. स्थानिक बाजारात विकल्या जाणाऱ्या द्राक्षाला अशी पेटीपर्यंतची नोंद मिळत नाही.

कडक मर्यादेची किंमत कोण भरतो, हाही प्रश्न खरा आहे. २००१ मध्ये जागतिक बँकेच्या संशोधकांनी युरोपाच्या अफ्लाटॉक्सिनच्या मर्यादेचा हिशेब मांडला. कोडेक्सऐवजी ती लावल्याने युरोपात दर अब्ज लोकसंख्येमागे वर्षाला सुमारे १.४ मृत्यू टळतील, आणि आफ्रिकेची धान्य, सुकामेवा व शेंगदाण्याची निर्यात ६७ कोटी डॉलरने घटेल, असा त्यांचा अंदाज होता. हा अंदाज व्यापाराच्या चर्चेत खूप गाजला. पण त्यात एक बाजू मोजली गेली नव्हती. जो माल युरोप घेत नाही तो नष्ट होत नाही. तो पिकवणाऱ्या देशातच, स्वस्तात, गरिबाच्या ताटात जातो. व्यापाराचे नुकसान मोजणाऱ्याने हे ताटही मोजायला हवे.

आणि काही गोष्टी कोणत्याच मर्यादेत बसत नाहीत. २०१७ च्या पावसाळ्याअखेर याच जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात गेले. अन्नातल्या अंशाची मर्यादा खाणाऱ्याचे रक्षण करते, फवारणाऱ्याचे नाही. काढणीपर्यंत औषध विरून जाऊन माल मर्यादेत बसू शकतो, आणि तो पिकवणारा तोवर जिवानिशी गेलेला असू शकतो. म्हणून या पुस्तिकेत फवारणीच्या औषधांच्या तक्त्यात, पिकातल्या मर्यादेशेजारी, ते औषध हाताळणाऱ्याला किती घातक आहे याचा रकानाही दिला आहे. अन्नसुरक्षेच्या पुस्तकात तो सहसा नसतो. यवतमाळ जिल्ह्यात लिहिलेल्या पुस्तकात तो नसून चालणार नाही.

ही पुस्तिका शेतकरी, आडते, गिरणीवाले, दुकानदार, शाळेचे शिक्षक आणि ग्रामपंचायत, नगरपंचायतीचे सदस्य यांच्यासाठी आहे. तक्ते वाचताना प्रत्येक ओळीला चार प्रश्न विचारावेत: एकक कोणते, नेमके काय मोजले आहे, तो पदार्थ इथे किती खाल्ला जातो, आणि ही तपासणी इथे कोण करते. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे तक्त्यात आहेत. उरलेल्या दोन्हींची वाचकानेच शोधायची आहेत.

हाती असलेल्या गोष्टीही कमी नाहीत. शिजवलेली हळद मातीवर न पसरता ताडपत्रीवर किंवा पक्क्या खळ्यावर वाळवावी आणि पावसाच्या सरीपासून राखावी. नियमानुसार हळकुंडात ओलावा १२ टक्क्यांहून जास्त नको. पॉलिशला वरचा रंग लावू नये, आणि आडत्याने केवळ पिवळेपणावर भाव ठरवू नये, कारण रंगाला मिळणारा जास्तीचा भावच रंगवणाऱ्याला बळ देतो. शेंगा चांगल्या खणखणीत वाळवून मगच भराव्यात, बुरशी लागलेली शेंग आणि ढेप जनावरालाही घालू नये. पाण्याचा तपासणी अहवाल ग्रामसभेत वाचून दाखवण्याचा आग्रह धरावा. आणि २००६ च्या कायद्याच्या ४० व्या कलमाने प्रत्येक गिऱ्हाईकाला दिलेला हक्क वापरावा: विकत घेतलेला पदार्थ शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून तपासून घेता येतो, आणि नमुना सदोष निघाला तर ते शुल्क परत मिळते. हा हक्क माहीत असलेले लोक फार थोडे आहेत.

जगात सर्वांत जास्त हळद भारत पिकवतो आणि सर्वांत जास्त खातोही भारतच. म्हणून हळदीतल्या शिशाची जगातली सर्वांत कडक मर्यादा भारताचीच असायला हवी, आणि तिची तपासणी निर्यातीच्या कंटेनरवर न थांबता ढाणकीच्या दुकानातल्या दहा रुपयांच्या पुडीपर्यंत यायला हवी. ही मागणी करताना आपल्या हाती भावनेइतकेच पक्के आकडे असावेत, यासाठी हा सारा खटाटोप आहे.